गरीब गावांसाठी वनकार्बन प्रकल्प: समन्वयकाने काम कसे करावे

जंगल राखल्याबद्दल किंवा नव्याने वाढवल्याबद्दल गावाला पैसे मिळावेत, ही कल्पना ऐकायला सरळ आहे. झाड वाढताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यातील कार्बन लाकडात, मुळांत व मातीत साठतो. त्या साठ्यातील वाढ मोजून, त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेऊन तिची क्रेडिटे तयार केली जातात आणि ज्या कंपनीला स्वतःच्या उत्सर्जनाची भरपाई दाखवायची असते ती कंपनी ती विकत घेते. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. या साखळीच्या एका टोकाला मोळी आणणारी बाई, शेळ्या चारणारा मुलगा आणि उतारावर कोरडवाहू शेती करणारे कुटुंब असते, तर दुसऱ्या टोकाला लेखापरीक्षक, रजिस्ट्री (क्रेडिटांच्या नोंदी ठेवणारी संस्था) आणि खरेदीदार असतात. दोन्हीकडची भाषा वेगळी, घाई वेगळी आणि भीतीही वेगळी. या दोघांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या समन्वयकासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

काम हाती घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. अशा प्रकल्पाची झळ पहिल्या दिवशी बसते आणि पैसा काही वर्षांनी येतो. चराईबंदी आजपासून लागू होते, सरपणासाठीची पायपीट उद्यापासून वाढते, झूमशेतीचा, म्हणजे जंगल साफ करून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीचा, तुकडा याच हंगामात सोडावा लागतो. क्रेडिटचे पहिले पैसे मात्र आराखडा, प्रमाणीकरण (आराखड्याची त्रयस्थ तपासणी), नोंदणी, मोजणी, पडताळणी (मोजणीची त्रयस्थ तपासणी) आणि विक्री या सगळ्या पायऱ्या ओलांडून येतात आणि त्यात तीन ते पाच वर्षे सहज जातात. ज्याच्याकडे दोन वर्षांचे धान्य आहे तो थांबू शकतो. ज्याच्या घरात आठवड्याचेच धान्य आहे तो थांबू शकत नाही, आणि जंगलावर सर्वांत जास्त अवलंबून तोच असतो. त्यामुळे कोणतीही अट घालताना, कोणताही करार करताना समन्वयकाने स्वतःला विचारावे की या अटीची झळ कोणाला, कोणत्या महिन्यात बसणार आहे आणि तोवर त्याच्या हातात काय पडणार आहे.

प्रकल्प घ्यावा की घेऊ नये

प्रकल्पांचे मुख्य प्रकार तीन आहेत. पडीक किंवा उजाड जमिनीवर, शेतात, बांधावर झाडे वाढवणे हा एक. उभ्या जंगलाची होणारी तोड थांबवणे हा दुसरा. आणि वापरातल्या जंगलाचे व्यवस्थापन सुधारणे हा तिसरा. तोड थांबवण्याच्या कामाला २००७ च्या बाली परिषदेपासून आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत स्थान मिळाले, पुढे त्याला ‘रेड प्लस’ हे नाव पडले आणि २०१३ साली वॉर्सॉ येथे त्याची नियमांची चौकट पूर्ण झाली. गावासाठी यांपैकी कोणता प्रकार योग्य, हे गावाच्या परिस्थितीवर ठरवावे. खरेदीदाराला आज काय हवे आहे यावर ठरवू नये, कारण खरेदीदाराची आवड दोन वर्षांत बदलते आणि लावलेले झाड तिथेच असते.

पहिली कसोटी अतिरिक्ततेची आहे. कार्बनचे पैसे आले नसते तरी जे घडलेच असते त्याचे क्रेडिट मिळत नाही. याचा एक कटू परिणाम गावाला सुरुवातीलाच सांगावा लागतो: ज्या गावाने पिढ्यानपिढ्या जंगल नीट राखले आणि ज्याच्या जंगलाला आज धोका नाही, त्या गावाला या व्यवस्थेतून फारसे काही मिळत नाही. हे अन्यायकारक वाटते, आणि माझ्या मते ते आहेही. पण ते लपवून प्रकल्प पुढे रेटला तर क्रेडिटे खोटी ठरतात आणि बदनामी गावाची होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ देशांतील २६ प्रकल्पक्षेत्रे तपासली गेली आणि त्यांतील बहुतेकांनी दाखवलेली तोडीतली घट प्रत्यक्षात तेवढी नव्हती, असे आढळले. प्रकल्प नसता तर किती जंगल गेले असते, याचा अंदाज, म्हणजे आधाररेखा, फुगवलेली होती. त्याच वर्षी व्हेरा या मोठ्या मानक संस्थेने, म्हणजे क्रेडिटांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, नवी पद्धत आणली, जिच्यात हा अंदाज प्रकल्पवाल्यांनी स्वतः बांधायचा नसून मोठ्या प्रदेशाच्या माहितीवरून तो ठरवून दिला जातो. तेव्हा कोणी सल्लागार भरमसाट क्रेडिटांचा आकडा घेऊन आला तर तो आधाररेखेवर कसा बसतो, हे पहिल्याच बैठकीत विचारावे.

दुसरी कसोटी आकाराची. प्रमाणीकरण, नोंदणी आणि पडताळणी यांचा खर्च शंभर हेक्टरला आणि हजार हेक्टरला जवळजवळ सारखाच येतो. लहान गावाने एकट्याने हा खर्च उचलू नये. शेजारची गावे एका प्रकल्पाखाली आणावीत, आणि नंतर आणखी गावे सामील होऊ शकतील अशी तरतूद आराखड्यातच ठेवावी. केनियाच्या गाझी उपसागरातील ‘मिकोको पामोजा’ हा सुमारे ११७ हेक्टर खारफुटीचा प्रकल्प लहान असूनही २०१३ पासून चालला आहे. पण त्यामागे संशोधकांनी केलेले बरेच काम होते आणि लहान समूहांसाठीच आखलेले प्लॅन व्हिवो हे मानक त्यांनी निवडले होते. मानक निवडताना नावाचा दबदबा कमी पाहावा. आपल्या आकाराला, आपल्या जमिनीच्या प्रकाराला आणि आपल्या लोकांना ते झेपते का, एवढे पाहावे.

वृक्षारोपणाच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. नैसर्गिक गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तिथे झाडे लावली तर गवतावर जगणारी जनावरे, पक्षी आणि गुराखी तिघेही उघडे पडतात. आधीचे जंगल तोडून तिथेच लागवड दाखवण्याला मानकांची बंदी असते आणि त्यासाठी दहा वर्षे मागे जाऊन पाहिले जाते, म्हणून जुनी उपग्रहचित्रे आधीच काढून ठेवावीत.

जमीन, झाड आणि कार्बन हे तीन वेगळे हक्क आहेत

कागदावर जमीन सरकारची, वापर गावाचा, झाड लावणाऱ्याचे आणि कार्बन कोणाचा हे कायद्यात कुठेच लिहिलेले नाही, अशी स्थिती अनेक देशांत असते. समन्वयकाने वकिलाच्या मदतीने या तिन्ही हक्कांचे उत्तर वेगवेगळे लिहून काढावे. जिथे उत्तर मिळत नाही तिथे ते मिळवणे हेच पहिल्या वर्षाचे काम समजावे. इथिओपियातील हुंबो येथे २,७२८ हेक्टर उजाड डोंगरावर जंगल परत आणताना गावांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या आणि त्यांना त्या जमिनीच्या वापराचे हक्क मिळाले. जमीन आपल्या हातून जाईल ही भीती लोकांच्या मनात होती, आणि कागद हातात आल्याशिवाय अशी भीती जात नाही. तिथे बहुतांश काम लागवडीचे नव्हतेच. तोडलेल्या झाडांची जिवंत खोडे जमिनीत होती. त्यांतून फुटणारे धुमारे निवडून, बाकीचे छाटून आणि गुरांपासून राखून जंगल उभे राहिले. रोपवाटिकेचा खर्च वाचवणारी ही पद्धत जिथे शक्य असेल तिथे आधी वापरून पाहावी.

हद्द नकाशावर आखण्याआधी पायी चालावी. या फेरीत फक्त पुढारी नकोत. गुराखी, मध गोळा करणारे, औषधी मुळ्या ओळखणारी म्हातारी माणसे आणि शेजारच्या गावचे लोकही सोबत असावेत. हंगामी येणारे भटके पशुपालक त्या दिवशी गावात नसतात आणि म्हणूनच नकाशावरून गळतात. ते कोणत्या महिन्यात येतात हे विचारून त्या महिन्यात पुन्हा फेरी काढावी. शेजारच्या गावाशी वाद असलेला पट्टा वाद मिटेपर्यंत प्रकल्पाबाहेर ठेवावा. दहा हेक्टर कमी झाले तरी चालतात, पण कार्बनच्या पैशावरून पेटलेले भांडण विझत नाही.

संमती

मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात आहे आणि चांगली मानके ते बंधनकारक मानतात. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ अनेकदा एका सभेचा फोटो आणि अंगठ्यांचा कागद एवढाच उरतो. मी स्वतः एकदा ही चूक केली आहे. सभा भरली, प्रश्न आले, होकार मिळाला आणि आम्ही समाधानाने परतलो. दोन महिन्यांनी पाणवठ्यावर बायकांशी बोलताना कळले की होकार देणाऱ्यांपैकी कोणाच्याच घरातला माणूस मोळीला जात नव्हता. ज्या चार वाड्यांच्या बायका रोज त्या जंगलात जायच्या, त्यांना सभा कामाच्या वेळेत असल्याने येता आले नव्हते. बंदीचा पट्टा त्यांच्या वाटेवरच आखला गेला होता. आम्ही तो पुन्हा आखला, पण गेलेला विश्वास परत यायला वर्ष लागले.

तेव्हापासून मी संमतीची प्रक्रिया निदान तीन फेऱ्यांत करतो. पहिल्या फेरीत काहीच मागायचे नसते. प्रकल्प म्हणजे काय, त्यात काय धोके आहेत, पैसे किती अनिश्चित आहेत आणि ‘नाही’ म्हटले तर काहीही वाईट होणार नाही, एवढेच सांगायचे. दुसऱ्या फेरीत बायका, तरुण, भूमिहीन आणि पशुपालक यांच्या वेगळ्या बैठका त्यांच्या सोयीच्या वेळी, बहुधा संध्याकाळी, घ्यायच्या. तिसऱ्या फेरीत गावाने आपसांत चर्चा करून, आम्ही समोर नसताना, निर्णय घ्यायचा. दोन फेऱ्यांमध्ये लोकांना एकमेकांशी बोलायला काही आठवडे मोकळे सोडावेत. कार्बन ही न दिसणारी वस्तू असल्याने ती विकली म्हणजे जंगल विकले, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो खोडून काढण्याची घाई न करता, नेमके काय विकले जाते आणि काय विकले जात नाही, हे प्रत्येक बैठकीत त्याच शब्दांत सांगावे. इतिवृत्त स्थानिक भाषेत लिहावे आणि सभा संपण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावे. विरोधाचे मुद्देही त्यात जसेच्या तसे यावेत, कारण लेखापरीक्षक ते पाहतो आणि गावही आपले म्हणणे ऐकले गेले की नाही हे त्यावरूनच ओळखते.

आराखडाही असाच लोकांकडून यावा. मेक्सिकोतील चियापास प्रांतात १९९७ साली सुरू झालेल्या ‘स्कोलेल ते’ या प्रकल्पात माया शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीचे नकाशे हाताने काढले: कुठे मका, कुठे कॉफी, कुठे गायरान आणि कुठे झाडे लावता येतील. या जिवंत आराखड्यालाच स्पॅनिशमध्ये ‘प्लॅन व्हिवो’ म्हणतात आणि पुढे मानकाला तेच नाव मिळाले. माणसाने स्वतःच्या हाताने काढलेल्या नकाशात झाड कुठे नको हेही दिसते, आणि ते कळणे तितकेच मोलाचे असते.

मोजणी गावाच्या हाताने

मोजणी बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपवणे सोपे वाटते, पण ती गावच्या तरुण मुला-मुलींना शिकवावी. त्यातून रोजगार मिळतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आकडा कुठून आला हे गावाला ठाऊक असते. साहित्य साधे लागते: टेप, दोरी, खडू किंवा रंग, क्रमांकाचे पत्रे, उंची मोजण्याचे साधन, जीपीएस आणि वही. वही हवीच, मोबाइल बंद पडतो, पावसात भिजतो आणि हरवतो.

एक झाड मोजून पाहू. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, साधारण छातीच्या पातळीत, खोडाचा घेर मोजतात. उतारावर असाल तर ही उंची वरच्या बाजूने धरावी. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगले असेल तर दोन खोडे धरावीत. बुंध्याला फळीसारख्या मुळ्या असतील तर त्या संपतात त्याच्या वर मोजावे. वेल टेपखाली येऊ देऊ नये. समजा घेर ९४.२ सेंटिमीटर भरला. त्याला ३.१४ ने भागले की व्यास ३० सेंटिमीटर येतो. झाडाची उंची १५ मीटर आणि लाकडाची घनता घनसेंटिमीटरला ०.६ ग्रॅम धरू. उष्णकटिबंधातील झाडांसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या सूत्रात घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करतात, इथे तो ८,१०० येतो, त्याचा ०.९७६ वा घात काढून ०.०६७३ ने गुणले की जमिनीवरील वाळलेले वजन सुमारे ४३९ किलो निघते. त्याचा ०.४७ भाग कार्बन असतो असे धरतात, म्हणजे सुमारे २०६ किलो. कार्बनचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करायला ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ ने गुणतात. उत्तर सुमारे ७५७ किलो. एवढ्या मोठ्या झाडाच्या जमिनीवरील भागात एक क्रेडिटही पुरते भरत नाही, हे समोर बसून हिशेब करणाऱ्या मुलाला एकदा कळले की तो रोपांच्या संख्येवर फुशारकी मारणाऱ्या कोणाचेही बोलणे तपासून घेतो.

आता तोच टेप चुकून २० सेंटिमीटर खाली धरला आणि घेर ९८ सेंटिमीटर आला असे समजा. व्यासात केवळ ४ टक्क्यांचा फरक पडला, पण व्यासाचा वर्ग होत असल्याने वजन जवळजवळ ८ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ३५ किलोंनी वाढले. पाच वर्षांनी दुसऱ्या कोणी टेप बरोबर जागी धरला की कागदावर झाड वाढलेच नाही असे दिसते. म्हणून पहिल्या मोजणीतच त्या उंचीवर रंगाचा पट्टा मारावा, मोजणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर १.३ मीटर कुठे येते हे काठीने तपासून घ्यावे आणि मोजणीसाठी आखलेल्या जमिनीच्या तुकड्यांपैकी, म्हणजे भूखंडांपैकी, दहात एक वेगळ्या जोडीकडून पुन्हा मोजून घ्यावा.

सगळे जंगल मोजत नाहीत. दाट, विरळ, उतार, सपाटी असे प्रकार पाडून प्रत्येकात नमुना भूखंड टाकतात, आणि ते कुठे टाकायचे हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर सोडत नाहीत, कारण माणसाचा पाय आपोआप चांगल्या झाडीकडे वळतो. भूखंड पुरेसे नसले आणि अंदाजातली अनिश्चितता मर्यादेबाहेर गेली तर क्रेडिटांतून कपात होते. चार दिवसांची जास्त मोजणी त्या कपातीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. भूखंडाला असे कुंपण किंवा ठळक फलक लावू नयेत की राखणदार तेवढीच जागा जास्त जपतील. तसे झाले की नमुना बाकीच्या जंगलाबद्दल खोटे सांगू लागतो.

गळती म्हणजे कोणाची तरी चूल

एका जंगलात तोड थांबली आणि ती शेजारच्या जंगलात सुरू झाली, तर वातावरणाला काहीच मिळाले नाही. या प्रकाराला गळती म्हणतात. आराखड्यात तो एक टक्केवारीचा आकडा असतो, पण त्या आकड्यामागे कोणाची तरी चूल आणि कोणाची तरी गुरे असतात. म्हणून बंदीच्या आधी पर्याय उभा राहिला पाहिजे. मिकोको पामोजाने खारफुटीऐवजी वापरता यावे म्हणून सुरूच्या झाडांची लागवड केली, जेणेकरून घरबांधणीच्या वाशांसाठी आणि सरपणासाठी लोकांना लाकूड मिळावे. अशी सरपणाची लागवड कापणीला यायला काही वर्षे लागतात, हे विसरून चालत नाही. त्या मधल्या वर्षांसाठी जंगलाचा काही भाग वापरासाठी मोकळा ठेवावा, वाळलेल्या लाकडाला मुभा असावी आणि चराईचे पट्टे पाळीपाळीने बंद करावेत.

घरटी सरपण किती लागते हे विचारून नव्हे, मोजून काढावे. आठवडाभर रोज सकाळी घरातल्या मोळीचे वजन करावे, संध्याकाळी उरलेल्याचे करावे. पावसाळ्यात, सणावारात आणि लग्नसराईत वापर बदलतो, त्यामुळे वर्षातून दोनदा हे करणे चांगले. सुधारित चुली वाटून काम संपले असे समजू नये. सहा महिन्यांनी जाऊन त्या पेटतात की कोपऱ्यात पडल्या आहेत हे पाहावे आणि पडल्या असतील तर स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच त्याचे कारण विचारावे.

पैसा: किती, कोणाला आणि कधी

वाटणीचा करार क्रेडिट विकण्याच्या बराच आधी व्हावा, कारण रक्कम समोर दिसू लागली की शब्द फिरतात. प्लॅन व्हिवो मानकात विक्रीच्या उत्पन्नातील किमान ६० टक्के वाटा सहभागी लोकांपर्यंत पोहोचावा अशी अट आहे. दुसऱ्या मानकाखाली काम करत असलात तरी हा आकडा हाताशी ठेवावा आणि त्यापेक्षा कमी देणाऱ्या प्रस्तावाला कारणे विचारावीत. ‘टक्के’ या शब्दातही खोच असते: एकूण विक्रीचे टक्के आणि खर्च वजा जाता उरलेल्याचे टक्के यांत प्रचंड अंतर असू शकते, कारण खर्च काय धरायचा हे बहुधा प्रकल्प उभा करणारी विकासक कंपनी ठरवते. करारात शक्यतो एकूण विक्रीचे टक्के लिहून घ्यावेत.

गावात पैसा आल्यावर तो घरोघरी वाटायचा की सार्वजनिक कामाला लावायचा, यावर समन्वयकाने मत लादू नये. पण दोन्हींचे परिणाम समोर मांडावेत. पाणी आणि शाळा यांवरचा खर्च सर्वांना दिसतो आणि गाझीच्या किनाऱ्यावर तेच केले गेले. मात्र ज्याची चराई बंद झाली त्याला नळाच्या पाण्याने भरपाई होत नाही. माझा अनुभव असा की आधी झळ बसलेल्यांची भरपाई, मग राखणीची मजुरी, मग सार्वजनिक काम, या क्रमाने गेले तर तक्रारी कमी येतात. वाटणी जमिनीच्या प्रमाणात ठेवली तर भूमिहीन पूर्णपणे बाहेर राहतात. त्यांच्यासाठी रोपवाटिका, जाळपट्टे (वणवा अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे) काढणे, मोजणी आणि राखण यांतील काम राखून ठेवावे आणि ते लेखी असावे.

उशिरा येणाऱ्या पैशाचे काय करायचे, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. काही खरेदीदार क्रेडिट तयार होण्याआधी काही रक्कम देतात. काही अनुदाने फक्त सुरुवातीच्या वर्षांसाठी मिळतात. काही मानके भविष्यातील वाढीवर आधारलेली प्रमाणपत्रे मान्य करतात. युगांडातील ‘ट्रीज फॉर ग्लोबल बेनिफिट्स’ या २००३ साली सुरू झालेल्या प्रकल्पात शेतकऱ्याला हप्ते पहिल्या दहा वर्षांतच दिले जातात, म्हणजे झाड लहान असताना, जेव्हा खर्च आणि कष्ट खरोखर होतात. ही रचना गरिबाच्या सोयीची आहे, पण तिच्यात पुढचा पेच दडलेला असतो: हप्ते संपल्यावरही झाड उभे राहायचे असेल तर तोवर ते फळ, चारा, सावली किंवा विरळणीच्या लाकडाच्या रूपाने घराला काहीतरी देत असले पाहिजे. म्हणून प्रजाती निवडताना कार्बनची वाढ एवढीच पाहू नये. झपाट्याने वाढणाऱ्या एकाच परदेशी जातीची लागवड कागदावर छान दिसते, पण ती ओढ्याचे पाणी ओढून घेऊ शकते आणि एकाच किडीने सगळी जाऊ शकते. स्थानिक, मिश्र आणि लोकांनी स्वतः मागितलेली झाडे हळू वाढली तरी राखली जातात.

करार वाचताना

खरेदीदाराशी होणाऱ्या करारात काही कलमे अशी असतात की ती गावाला कर्जात लोटू शकतात. ठरलेल्या तारखेला ठरलेली क्रेडिटे देण्याची हमी हे त्यांतले पहिले. वणवा लागला, दुष्काळ पडला, मोजणीत आकडा कमी आला, तर तूट कोणी भरायची? ही जबाबदारी गावावर येणार नाही, जेवढी क्रेडिटे तयार होतील तेवढीच विकली जातील, असे स्पष्ट लिहून घ्यावे. दुसरे कलम दराचे. वीस वर्षांसाठी एकच दर बांधून देऊ नये. किमान दर ठरवून बाजार वर गेला तर त्यात वाटा मिळेल आणि काही वर्षांनी दराचा फेरविचार होईल, अशी रचना मागावी. तिसरे, खरेदीदार किंवा विकासक कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर हक्क आपोआप गावाकडे परत यावेत. दर्जेदार भाषांतर करून हा करार गावात वाचल्याशिवाय त्यावर सही होऊ नये, आणि गावाच्या वकिलाची फी कंपनीने दिली तरी वकील गावाने निवडलेला असावा.

क्रेडिटे तयार होताना त्यांचा काही भाग, प्रकल्पाच्या जोखमीनुसार, सामाईक राखीव साठ्यात जातो आणि तो विकता येत नाही. हे गावाला आधी सांगितले नाही तर फसवणूक झाली असे वाटते. तो विमा आहे. वणव्यात जंगल गेले तर विकलेल्या क्रेडिटांची भरपाई त्यातून होते. जोखीम कमी दाखवता आली तर हा वाटाही कमी होतो, त्यामुळे जाळपट्टे, राखणीच्या नोंदी आणि जमिनीचे पक्के कागद यांचा थेट फायदा इथे मिळतो. देशादेशांतील क्रेडिटांच्या देवाणघेवाणीबद्दलच्या पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाचे नियम २०२१ साली ग्लासगो येथे ठरल्यापासून देशाबाहेर जाणाऱ्या काही क्रेडिटांना यजमान देशाची मंजुरी लागते, जेणेकरून तीच घट दोन देशांच्या खात्यांत मोजली जाऊ नये. आपल्या क्रेडिटांना ती लागेल का, हे संबंधित सरकारी खात्याला लेखी विचारून ठेवावे.

रोजचे काम

समन्वयकाचा बराचसा वेळ नोंदी, तक्रारी आणि निरोप यांत जातो. नोंदवही एकाच माणसाच्या घरी नसावी. राखणीच्या फेऱ्या, वणवे, तोडीच्या घटना, जगलेल्या आणि मेलेल्या रोपांची संख्या, दिलेली प्रत्येक रक्कम यांची नोंद त्याच आठवड्यात व्हावी. पडताळणीच्या आधी महिनाभर बसून मागच्या पाच वर्षांच्या नोंदी तयार केल्या तर त्या तशा दिसतात, आणि अनुभवी परीक्षकाला शाईच्या रंगावरूनही ते कळते. जमाखर्च सर्वांना दिसेल अशा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा वाचून दाखवावा.

तक्रारीसाठी प्रकल्प चालवणाऱ्या गावसमितीतल्या माणसापेक्षा वेगळा, गावाबाहेरचा एक माणूस हवा, कारण तक्रार बहुधा समितीबद्दलच असते. तोंडी तक्रारही नोंदवावी, तक्रारदाराला ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यावे आणि उत्तर पटले नाही तर पुढे कोणाकडे जायचे हे सांगावे. वर्षभरात एकही तक्रार आली नाही तर आनंद मानू नये. लोकांना तक्रार कुठे करायची हे माहीत नाही किंवा ती करण्याची भीती वाटते, असा त्याचा अर्थ असण्याची शक्यता जास्त, म्हणून अशा वर्षी स्वतः घरोघर फिरून विचारावे.

पडताळणीला येणाऱ्या परीक्षकासाठी गावाकडून उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. त्याला हव्या त्या घरी, हव्या त्या माणसाशी, समन्वयकाशिवाय बोलू द्यावे आणि दुभाषा तटस्थ असावा. त्याने काढलेल्या उणिवांचा अहवाल आला की तो गावसभेत पूर्ण वाचावा, प्रत्येक उणिवेपुढे ती कोण आणि कधीपर्यंत दुरुस्त करणार ते नाव व तारीख लिहावी, आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच कागदापासून करावी.